क्लॅरीकाकांचं पान

विक्रोळी,
५ सप्टेंबर १९८४

ती. रुक्मिणी आत्येस,
दशरथचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे मजेत आहोत, एकटे बाबा सोडून. कारण भिंतीवरच्या फोटोतले क्लॅरीकाका. दुसऱ्या महायुद्धात बाबांच्या पायाला गोळी लागली, तेव्हा त्यांना खांद्यावर टाकून गाडीपर्यंत आणणारा तो ऑस्ट्रेलियन शिपाई, तिकडचा नावाजलेला फुटबॉलपटू. बाबांना गाडीत चढवून तो मागे वळला आणि तिथेच तोफगोळा पडला, ही हकिकत तुला पाठच आहे. शस्त्राने गेलेला म्हणून दरवर्षी पितृपक्षातल्या चतुर्दशीला आपण त्याचं पान घालतो. गोत्र ठाऊक नाही, म्हणून भटजींनी कश्यप लावलं.

तर काल त्याचं पत्र आलं. पलटणीच्या कचेरीतून पत्ता मिळवलाय, आणि 'धाकूच्या घरच्या माणसांना' भेटायला येतोय (बाबांना तोही धाकूच म्हणायचा). तारीख पाहिली तर नेमकी चतुर्दशी.

बाबांनी अन्न टाकलंय. ज्याने जीव वाचवला त्यालाच जिवंतपणी बेचाळीस वर्षं पिंड दिले, आता त्याला तोंड कसं दाखवू, म्हणतात. तुझ्याकडे पळून यायला ट्रंकही भरलीय. काय करू ते लगेच कळव.

तुझा,
दशरथ

आचरे,
११ सप्टेंबर १९८४

चि. दशरथास अनेक आशीर्वाद.

ट्रंक आधी रिकामी कर. धाकूला मी घरात घेणार नाही. लहानपणी माडावरून सुटलेला नारळ हवेत झेलायचा आणि गाय समोर आली की धूम ठोकायचा, तो अजून तसाच.

पाप कसलं रे? कावळ्याने दरवर्षी वडा उचलला ना? मग कोणीतरी तृप्त झालंच. एवढी पानं पोचली म्हणूनच तो या वयात विमानात चढतोय. फोटोचा हार तेवढा काढा. स्वयंपाक नेहमीचाच करा. माणूस आला म्हणून पान रद्द करायचं, असं कुठे लिहिलंय? धाकूक सांग, भियाव नको.

कोकम पाठवतेय. बरणी परत हवी. खुशाली कळवत जा.

तुझी,
आत्या

विक्रोळी,
२६ सप्टेंबर १९८४

ती. आत्येस,
शि. सा. न. वि. वि.

हार काढायचा राहिलाच. सहा फुटी क्लॅरीकाका काठी टेकत दारात आले आणि भिंतीवर स्वतःला बघून थबकले. बाबा कावळ्याचं पान ठेवायच्या निमित्ताने गच्चीवर लपलेले. मी सगळं सांगून टाकलं.

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पाकिटातून एक फोटो काढला. त्यांच्या क्लबातली लाकडी पाटी, युद्धात गेलेल्यांची. शेवटचं नाव धाकू. बाबांची गाडी पुढे सुरुंगावर उडाली, असं त्यांना कोणी सांगितलं होतं. दर मोसमात पहिल्या सामन्याआधी अख्खा संघ बाबांसाठी एक मिनिट उभा राहतो. काका आमचं सांत्वन करायला आले होते.

बाबा जिवंत आहेत, गच्चीवर आहेत, म्हटलं; पण वरचा म्हातारा धाकूच, हे त्यांना पटेना. आमच्यासाठी आणलेला तिकडच्या फुटबॉलचा लांबट, न सोललेल्या नारळाएवढा चेंडू घेऊन ते गच्चीवर आले आणि लाथेने तो उंच उडवला. बाबांनी लंगड्या पायाने उडी घेऊन तो छातीशी झेलला, छावणीत झेलायचे तसा. मग दोघं खाली बसले.

काकांनी कावळ्यासाठी ठेवलेलं पान पुढे ओढलं आणि सगळं संपवलं. कावळे कठड्यावरून बघत राहिले. हात धुताना काका म्हणाले, सगळं झकास, आमटीत मीठ तेवढं कमी.

बाबा असे भडकले म्हणून सांगू. चाळभर सांगत फिरतायत, की बेचाळीस वर्षं जेवतोय आणि मीठ कमी आहे हे आज सांगतोय.

बरणी पाठवतोय. लोभ मात्र आमच्याकडेच राहू दे.

तुझा,
दशरथ