कोठीचा पत्ता कोठीत

रामदासपेठ, नागपूर
मे १९८९

तीर्थस्वरूप मामाजींना जावई मनोहरचा साष्टांग नमस्कार. (पत्रातला साष्टांग सोपा असतो हे खरं, पण प्रत्यक्ष घालायलाही तयार आहे.) आपला गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इथे ऊन असं तापलंय की कूलरही गरम हवा फेकून राहिला.

गोपिका आणि बाळी खुशाल असतीलच. पहिल्या लेकीचं बारसं आणि बापाचाच पत्ता नाही, म्हणून चार पाहुण्यांत आपली किती शोभा झाली असेल, ते मला कळतं. पण मामाजी, मी इकडे पत्ते कुटत नव्हतो. जरा ऐकून घ्या.

आमच्या हापिसात खाणींचे नकाशे सांभाळणारे सात कॉम्प्युटर आहेत, तारेनं एकमेकांना जोडलेले. एकाच्या पोटात मोठी डिस्क, सगळे नकाशे तिथेच. त्याचं नाव 'कोठी'. बाकीचे लागेल ते कोठीतून आणतात. पण तारेला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून कोणत्या नावाचा कोणता आकडा, ही यादी प्रत्येकाजवळ असायची. आमचे साहेब मारोतराव (देवमाणूस, पण टापटिपीचं भारी वेड) म्हणाले, "सात जागी काहून ठेवता गा? एका जागी ठेवा." झालं! याद्या पुसल्या, एकच उरली ती 'मुनीम' नावाच्या कॉम्प्युटरला दिली, आणि बाकीच्यांनी त्यालाच विचारायचं ठरलं. इथवर ठीक होतं. पण ती यादी सुरक्षित राहावी म्हणून साहेबांनी तीही कोठीत ठेवायला लावली!

सगळे चालू होते तोवर काही बिघडलं नाही. बारशाच्या सकाळी मी नवा सदरा घालून, बाळीचे वाळे खिशात टाकून बसस्टँडकडे निघालो, तर हापिसातला धोंडबा सायकल घेऊन आडवा आला. लाइट जाऊन आली होती आणि एकही कॉम्प्युटर उठत नव्हता. तिकडे खाणीवर लोक नकाशासाठी खोळंबलेले. "पाच मिनिटांत येतो" म्हणून गेलो. (माझी पाच मिनिटं गोपिकाला चांगली ठाऊक आहेत.)

पाहतो तर सगळे मुनीमला विचारून राहिले, कोठी कुठे आहे? मुनीम यादी पाहायला जाई, तर यादी कोठीत. कोठीकडे जायला कोठीचा आकडा पाहिजे, तो यादीत. म्हणजे पेटीची किल्ली पेटीतच! कोठी बिचारी ठणठणीत जागी, पण तिच्यापर्यंत कोणी पोचेल तर शपथ. साहेबांनी तारा उपटून पुन्हा खोचल्या, नारळ फोडला, शेवटी आम्हालाच झापलं. दुपारची बसही गेली. मले तर रडू येऊन राहिलं होतं. शेवटी वैतागून मी मुनीमला नाव न सांगता, मला आठवत होता तो कोठीचा आकडाच हातानं टाकला, आणि कोठीनं पटकन ओ दिली! साहेबांनी मला मिठी मारली, पण तोवर तिकडे उमरेडला आपल्या घरी घुगऱ्या वाटून झाल्या असतील.

आता मुनीमच्या आकड्यासोबत कोठीचाही आकडा प्रत्येकाजवळ लिहून ठेवलाय. आधी आपल्या घरी पाहायचं, मग दुसऱ्याला विचारायचं. मुनीमची यादी त्याच्याच पोटात, आणि तो आजारी पडला तर जोडीला सातांपैकीच दुसरा मुनीम. परवा दोनदा लाइट गेली, सातही जण आपापले उठले, मी चहा पीत बसलो होतो. देवा, काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

तेव्हा येत्या रविवारी मायलेकींना न्यायला येतो. मागच्या रविवारीच येणार होतो, पण धीर झाला नाही.

आपला, बोलणी खायला तयार असलेला,
मनोहर

ता. क. — मामाजी, बाळीचं नाव काय ठेवलं हो? गोपिका माझ्या पत्राला उत्तर देत नाही. आत्या म्हणून नाव ठेवलं ते आमच्या कुसुमताईनं, तिला विचारलं तर म्हणते, "बापानं तिथं येऊन आयकाचं असते, मी काहून सांगू तुले?" सात कॉम्प्युटरची नावं मला पाठ आहेत आणि पोटच्या पोरीचं माहीत नाही. कार्डावर तेवढं एक नाव लिहून पाठवा, दुसरं काही नको.

आणखी एक ता. क. — पेढे वाटताना साहेबांनी नाव विचारलं. लाजेकाजे तोंडात आलं ते 'चारुशीला' सांगून बसलो. साहेबांनी खूश होऊन दुसऱ्या मुनीमचं तेच नाव ठेवलं, आणि आता ते सातही जागी लिहिलंय. गोपिकाला कृपा करून सांगू नका. तिथलं मी बसून बदलीन. पण रविवारी आपल्या दारात उभा राहीन तेव्हा पोरीला पहिली हाक तरी तिच्या नावानं मारू द्या.