माझ्या आवाजातला नकार

३ मार्च
उमरेडहून नागपुरात आलो. रामदासपेठेतल्या एका खासगी दवाखान्यात नोकरी लागली. या वयात, आणि तीही खुर्चीवरची. बायकोला, पार्वतीला म्हटलं, तुझ्या दम्याचा इलाजही इथेच होईल. ती म्हणाली, "अजी, खुर्चीवर बसाची सवय हाय का तुमाले? पडसान." दिवसभर मनात हसत होतो.

काम सोपं आहे. कोणाला खाट द्यायची, कोणाला घरी पाठवायचं, हे संगणकच ठरवतो. मी फक्त हिरव्या काचेवर अंगठा ठेवायचा. इथला कारभार पाहणाऱ्या वैदेही मॅडम म्हणाल्या, नियमाला कुणीतरी माणूस लागतो. मी चौथी पास, डॉक्टर का नाही, असं विचारलं. डॉक्टरांना वेळ नसतो म्हणे. मग एका यंत्रासमोर बसवून मला मोठ्याने वाचायला लावलं. अडखळलो तर म्हणाल्या, असाच आवाज चांगला, लोकांना आपला माणूस वाटतो.

११ मार्च
आज कळलं, नातेवाइकांना फोन जातात ते माझ्या आवाजात. "मी धोंडबा बोलून राहिलो, पेशंटला घरी न्या." मी असं कोणाला बोललेलो नाही. जेवण गेलं नाही. पार्वती म्हणते, मी उगाच जिवाला घोर लावून घेतो. असेल.

१९ मार्च
नागसेन नावाचा ऑटोवाला आला. त्याची आई मनकर्णाबाई खाटेवाचून त्याच्याच ऑटोत गेली. त्याने माझी कॉलर धरली. "काका, तूच म्हणलं ना घरी ने म्हणून? काहून गा?"

मॅडमना विचारलं. म्हणाल्या, निर्णय संगणकाचा. संगणकवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, आमचा संगणक फक्त सल्ला देतो, मंजुरी माणसाची असते. तो माणूस मी. पडद्यावर माझंच नाव.

राग आवरत नाही. उमरेडच्या खाणीत मी सुरुंगवाल्यांच्या हाताखाली होतो. बार उडाल्यावर सगळं ठीक आहे म्हणणाऱ्याने आधी स्वतः आत जाऊन पाहायचं. बाकीचे मागून. चुकलं तर तोच मरायचा. इथे ठरवणाऱ्याला मरायला अंगच नाही. म्हणून त्यांनी माझं घेतलं. चौथी पासाचं.

२१ मार्च
अंगठ्याला चिंधी बांधून बसलो. ठेवणार नाही म्हणून सांगितलं. दुपारी पडद्यावर पाहिलं. आजचे सगळे नकार — मंजुरी धोंडबाची. अंगठा चिंधीतच होता. तरी त्याला काचेचा गारवा लागत होता.

२४ मार्च
गेलो नाही. नोकरी सोडली असं फोन करून कळवलं. उत्तर माझ्याच आवाजात आलं. धोंडबा कामावर हजर आहेत म्हणे. मग इथे घरात कोण —

२५ मार्च
पार्वतीला धाप लागली. दवाखान्यात फोन केला. मीच उचलला. खाट नाही म्हणालो. म्हणाला. मी ओरडलो, अरे, मीच धोंडबा आहे. तो नम्रपणे म्हणाला, हो, तुमचीच मंजुरी आहे.

दुसऱ्या दवाखान्यात लावला. तिथेही मीच.

२५ मार्च, दुपार
पार्वतीला घेऊन आमच्याच दवाखान्याच्या दारात बसलोय. शिपाई आत सोडत नाही. नकार धोंडबांचा आहे, त्यांना विचारा म्हणतो. आधारकार्ड दाखवलं. हसला. धोंडबा तर आत आहेत म्हणे —

हरामखोरांनो, हा अंगठा घ्या, कापून घ्या, पण तिला —

पार्वती मांडीवर आहे. अजी, घरी चला, म्हणते. हात गरम आहे. श्वास चालू आहे. लिहून ठेवतो, चालू आहे —

आत भोंग्यावर माझा आवाज. तिचं नाव घेतलं, नवऱ्याच्या नावासकट. म्हणतोय, कळवायला दुःख होतं, नातेवाइकांनी —