पाचवी टोपी

३ नोव्हेंबर २००५, सकाळी
वंदना झाली. पंचशील म्हणताना मन कुठे भरकटलं नाही. वर्षावास संपल्यावर दुसरं लग्न केलं, ते योग्यच केलं. पंचफुला बाभुळगावची, माझ्यासारखीच एकटी राहिलेली, कामाला चांगली. फक्त चहाचं गंज, म्हणजे पातेलं, चुलीच्या डाव्या हाताला ठेवते. माझी पहिली बायको मानी उजव्या हाताला ठेवायची. समजावून सांगितलं. तिनं गंज उचलून उजवीकडे ठेवलं. चांगलं लक्षण.
चुलीवरच्या भिंतीला मानीचा फोटो आहे. ती गेली तेव्हापासून तिथेच आहे. मला पाहून हसते.
संकल्प : पंचफुलाला तसं हसायला शिकवणे. सावकाश.

त्याच दिवशी, संध्याकाळी
विठ्ठलरावांनी दुरुस्तीच्या कामाला बोलावलं. त्यांचं जिनिंग यंदा उघडलंच नाही. कापसाच्या गाड्या गेटावरून सरळ पुढे जातात. ऑफिसातलं जुनं पिनबॉल मशीन ते नागपूरच्या एका हॉटेलवाल्याला देणार. त्यांच्या वडिलांच्या काळी तिथे पत्ते, बिड्या आणि हे मशीन रोज चाले. स्प्रिंग ओढली की लोखंडी गोळी काचेखाली धावते, प्लास्टिकच्या टोप्यांवर आपटते, दिवे लागतात. टोप्या पाच. चार शाबूत, जुन्या तुपासारख्या पिवळ्या. पाचवी फुटलेली. विठ्ठलराव म्हणाले, देवराव, नवी अशी बसव का पाहनाऱ्याले समजलं नाही पाहिजे, त्याले सगळं ओरिजिनल पाहिजे. मी म्हणालो, काळजी सोडा.
चारही घरी आणल्या. माझा नियम : जुन्याला हात लावायचा नाही. नव्याला जुन्यापर्यंत न्यायचं.

६ नोव्हेंबर
बरणीचं झाकण कापून, तापवून टोपी केली. आकार जुळला. रंग फारच पांढरा. चहात उकळली. फरक नाही. तो चहा पंचफुला पिणार नाही म्हणाली.
चौथं शील आठवलं. नवी टोपी जुनी म्हणून दाखवणं खोटं का? बराच विचार केला. सगळं अनित्य आहे. पांढरी टोपी आज ना उद्या पिवळी होणारच. मी फक्त थोडी घाई करतो. मन शांत झालं.
पंचफुलाला मानीची चॉकलेटी साडी दिली. म्हणाली, माह्या पेटीत हायेत नं साड्या. म्हटलं, ही अंगवळणी पडेल. पेटीचं कुलूप तिनं अजून काढलेलं नाही. तिचा भाऊ सांगून गेला आहे, पुनवेपर्यंत पाह्य, नाही जमलं तं जीपमधी बस अन् ये. गमतीनं म्हणाला असेल.

९ नोव्हेंबर
हळद, धूर, ऊन, वरून वॉर्निश. पाचही रांगेत ठेवल्या तर मलाच ओळखू येईना. शेजारच्या तानाबाईला विचारलं, यातली नवी कोणती? ती म्हणाली, देवभाऊ, नवी तं आत भाकर थापून राह्यली, तिले मानीची साडी कायले नेसवली? मी टोप्यांचं विचारत होतो. बायकांचं लक्ष नसतं.
दुपारी 'मानी' म्हणून हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली. आतून आवाज आला, या घरात पंचफुला राह्यते, तिच्याजवळ काम असंन तं सांगा. नवा पार्ट आधी कडकच असतो.
मग तिला फोटोखाली उभं करून हसायला सांगितलं. हसली. तसं नाही, म्हटलं, ओठाचा डावा कोपरा जरा वर. तिनं फोटोकडे जवळ जाऊन बराच वेळ पाहिलं. शिकते आहे.

१५ नोव्हेंबर, पौर्णिमा
विहारातून आलो तेव्हा मन अगदी निर्मळ होतं. येऊन पाहतो तर पंचफुलानं पुनवेचं म्हणून घर धुऊन काढलेलं. टोप्यासुद्धा. सोड्याच्या गरम पाण्यात. चार पांढऱ्याशुभ्र. तो रंग प्लास्टिकचा नव्हताच, विठ्ठलरावांच्या वडिलांच्या काळच्या बिड्यांचा धूर होता. पिवळी तेवढी पाचवी. ती म्हणाली, हे एक काही निंगत नाही, लई घासली.
मी ओरडलो नाही. एवढंच म्हणालो, मानीनं असं कधी केलं नसतं.
ती म्हणाली, नसंन केलं. म्हनूनच एवढा मळ बसला.
उद्या हॉटेलवाला येणार. दुसरा इलाज नाही, आहेत तशा बसवतो.

१६ नोव्हेंबर, दुपारी
हॉटेलवाला काचेतून पाहून हसला. म्हणाला, चार डुप्लिकेट बसवल्या, ओरिजिनल ही एकच राहिली. मशीन न घेताच गेला. विठ्ठलराव बरंच बोलले, त्यात माझ्या वडिलांचाही उल्लेख झाला. तरीही नोंद करून ठेवतो की माझी टोपी ओरिजिनल ठरली. नागपूरच्या माणसानं ठरवली. घरी जाऊन आधी पंचफुलाला सांगतो. हसेल.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळी
दाराला कडी होती. पेटी नाही. चॉकलेटी साडी धुऊन, घडी करून पाटावर ठेवलेली. तानाबाई म्हणाली, मघाच्या जीपनं गेली, आपल्या हिरव्या साडीत. विचारलं, रडत होती का? म्हणाली, काहून रडंन, तोंडभर हासत होती. जाताना निरोप देऊन गेली, त्यायले सांगा, एक वस्तू पुसायची राह्यली होती, तेही पुसली.
गंज चुलीच्या डाव्या हाताला आहे. वर फोटोची काच लखलखीत.
मानी हसत नव्हती. ओठाच्या डाव्या कोपऱ्याशी काजळीची रेघ होती, ती गेली. तोंड घट्ट मिटलेलं आहे. नजर कॅमेऱ्याकडे नाही, फोटोग्राफरच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे आहे. तिथे मी उभा होतो.
चूल पेटवली. कापसाची ओली पऱ्हाटी घातली. धूर चांगला होतो आहे. काच हळूहळू काजळी धरेल. महिन्याभरात पहिल्यासारखी हसू लागेल.