फुटबॉलवरची सरळ रेघ

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विमान कंपनीविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. तू त्यांच्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला राहतेस, म्हणून ती तुझ्याकडेच नोंदवतो. आपल्या विमानतळापासून तुमच्या विमानतळापर्यंत मी भिंतीवरच्या नकाशावर रेघ मारली. खुर्चीवर चढून, मान अवघडून. अंतर भरलं चौदा हजार किलोमीटर. कंपनीचं पत्रक म्हणतं साडेदहा हजार, वेळ तेरा तास. उरलेलं अंतर आम्ही पोहत यायचं का? इतकी वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवतोय. माझी रेघ चुकली असेल तर मिशी उतरवीन.

थट्टा सोड. तुझ्या ऑपरेशनआधी तुला बघायचं म्हणून आई बॅग भरून बसली होती. ही रेघ बघितली आणि सगळे कपडे परत कपाटात गेले. रेघ अख्ख्या समुद्रावरून जाते ना! पाण्यावरून मी येणार नाही म्हणते, कारण तिला पोहता येत नाही. मला येतं का, हे तिने विचारलंही नाही. तिकिटं महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवली आहेत. काय करू, कळव.

तुझा,
भाऊ

११ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तुझी रेघ सरळ आहे रे, जग सपाट नाही. एखादा चेंडू घे, त्यावर जग रंगव आणि दोन्ही ठिकाणांमध्ये आईच्या लोकरीचा धागा ताणून धर. तो समुद्र सोडून वर, बर्फाकडे सरकेल. विमानाची वाट तीच. त्या बर्फाखालीही पाणीच आहे, हे तूर्त तुझ्यापाशी ठेव.

ऑपरेशन साधं आहे असं डॉक्टर म्हणतात. दिवसा मला ते पटतं. आई आली तर रात्रीही पटेल.

मिशीला माझे आशीर्वाद सांग.

तुझी,
ताई

२० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माळ्यावरचा फुटबॉल काढला आणि दुकानाच्या उरलेल्या रंगात जग रंगवलं. खंडं थोडी जाड झाली आहेत, सांभाळून घे. मी धागा समुद्रावर दाबून धरत होतो आणि तो बेटा घसरून वर जात होता. शेवटी आईने माझा हात बाजूला सारला आणि स्वतः ताणला. तरी तो बर्फावरच गेला.

मग ती बराच वेळ चेंडू मांडीवर घेऊन बसली. तुझ्या गावावरून तिने दोनदा बोट फिरवलं. रंग ओला होता.

"बर्फावर निदान उभं तरी राहता येईल," ती म्हणाली. "बॅग काढ."

पत्रकात परतीला दीड तास जास्त का, हेही तिने विचारलं. कंपनीत चौकशी करून आलो: समोरून वारा असतो. मग परतीचं आत्तापासून कशाला, म्हणाली.

तिकिटं पक्की केली. चार एप्रिलला पोहोचतो. विमानतळावर मला शोधताना मिशी शोधू नकोस. आज सकाळीच उतरवली. चेहरा बदलला तरी लोभ आहे तोच राहू दे.

तुझा,
भाऊ