दातांआधी शिक्का

४ फेब्रुवारी, सकाळी
मुलीच्या शाळेतून चिठ्ठी. वरचे दात फार पुढे आहेत, जबडा वाढतोय तोवरच ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा, उशीर झाला तर अवघड जाईल. बारा वर्षांची आहे. हसताना तोंडावर हात धरते. मला वाटायचं, वळण चांगलं लागलंय.

बायको म्हणाली, चौकातल्या मेडिकलच्या वर एक डॉक्टरीणबाई आहेत, उद्याच जाऊ. म्हटलं, थांब. वीस वर्षं दुकानादुकानांतले वजनकाटे तपासतोय. काटा कितीही चकाचक असो, चालू वर्षाचा शिक्का नसेल तर मी त्यावर लिंबूसुद्धा ठेवू देत नाही. पोरीचा जबडा काय लिंबापेक्षा स्वस्त आहे?

संकल्प: पंधरा दिवसांत डॉक्टर नक्की.

६ फेब्रुवारी
इंटरनेटवर अभ्यास पूर्ण. निळी फाइल उघडली. परवाना प्रत्येक दातवाल्याला लागतोच, त्यात कौतुक नाही. दातांचा डॉक्टर झाल्यावर आणखी दोन-तीन वर्षं फक्त दात-जबडे सरळ करायला शिकतो, तो ऑर्थोडॉन्टिस्ट. त्याच्याही पुढचा तो बोर्ड सर्टिफाइड. सक्ती नसताना आपणहून परीक्षा देतो, आपल्या पेशंटांचे आधीचे-नंतरचे फोटो परीक्षकांपुढे ठेवतो, आणि काही वर्षांनी मुदत संपली की पुन्हा तेच. नसला म्हणजे वाईट असं नाही, असंही लिहिलं होतं. ते मी उतरवून घेतलं नाही.

आपणहून शिक्का मारून घ्यायला येणारा दुकानदार! वीस वर्षांत असा एकही भेटला नाही. डोळे पाणावले.

बायकोने विचारलं, तुम्ही पोरीचे दात बघितलेत का? म्हटलं, दात डॉक्टर बघेल. मी डॉक्टर बघतो.

१३ फेब्रुवारी
बायकोच्या हट्टापायी मेडिकलच्या वर गेलो. शी! जिन्यात फिनाइल, त्यात खालून औषधांचा उग्र दर्प. कपाटात प्लॅस्टरच्या जबड्यांची रास, कुणाकुणाचे देव जाणे. आणि भिंत कोरी. एक फ्रेम नाही. फक्त घड्याळ, तेही पाच मिनिटं पुढे. ज्यांना वेळ धड लावता येत नाही ते दात काय लावणार? उठलो आणि गाडीत जाऊन बसलो.

बायको आणि मुलगी पाऊण तास वरच. बाईने बोलण्यात गुंतवलं असणार. येताना बायको काहीतरी सांगत होती, पण पुढचा ट्रकवाला इतका गाढव होता की लक्ष देता आलं नाही. फाइलमध्ये लाल शेरा: नापास.

२ मार्च
पंधरा दिवस उलटले. सुट्ट्या धरल्या नव्हत्या, ही चूक.

आज मोठ्या रस्त्यावरचा दवाखाना. तेवीस फ्रेमा! छाती भरून आली. खुर्चीवर चढून एकेक वाचली. दोन दिवसांच्या शिबिराला हजेरी. दुसऱ्या शिबिराला हजेरी. रक्तदान. बुद्धिबळ, तिसरा क्रमांक. बोर्डाचा पत्ता नाही. विचारलं तर डॉक्टर हसून म्हणाला, तारा बसवायचं काम मी शनिवारी-रविवारी शिकलो. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, ते हे असे. शिवाय काचेच्या टाकीत एक मासा पोट वर करून तरंगत होता आणि बाकीचे त्याला टोचत होते. दिवसभर जेवण गेलं नाही.

२४ मार्च
घरातही तीच तऱ्हा. दोन आठवडे ताटात नुसता लगदा. बायकोला स्वयंपाकाचा कंटाळा आलाय, दुसरं काय. मुलगी निमूट गिळते. सफरचंद तर बारीक फोडी केल्याशिवाय खात नाही. लाडावून ठेवलीय. भरीस भर म्हणजे आज बेसिनमध्ये मेणाचे चिकट गोळे. ओकारीच यायची बाकी होती. शाळेचा काहीतरी हस्तकलेचा उपद्व्याप असणार. शाळा नेमकं शिकवते काय, असं मोठ्याने विचारलं. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, मुलगी अर्थातच तोंडावर हात धरून.

म्हणजे मूळ प्रश्न तसाच आहे. कामाचा वेग वाढवला पाहिजे.

१८ एप्रिल
मेहुण्याचा डॉक्टर. बोर्ड सर्टिफाइड! पण मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली. म्हणाला, कामाच्या रगाड्यात राहून गेलं. हे वाक्य मी प्रत्येक दुकानात ऐकतो. तिथेच त्याला चार शब्द सुनावले. त्याने शांतपणे विचारलं, पेशंट कुठे आहे? पेशंट मी आणलाच नव्हता. अंगाशी आलं की विषय बदलतात ही माणसं.

५ मे
आज लक्षात आलं की बोर्डाची स्वतःचीच यादी असते. कुणीही बघू शकतं. बघितली. आपल्या भागात चालू मुदतीचं एकच नाव.

मेडिकलच्या वरची बाई.

तीन महिने कुणामुळे वाया गेले? बायकोमुळे. म्हणे, सर्टिफिकेट ड्रॉवरमध्ये असतं, हे त्याच दिवशी गाडीत सांगितलं होतं. सांगायची पण एक पद्धत असते. जेवताना घसा खाकरून जाहीर केलं की डॉक्टर सापडली. मुलीचा हात तोंडावर गेला. मग बायको म्हणाली, "उद्या एकटेच जाऊन या. एखादी केस दाखवा म्हणावं त्यांना."

पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलली.

६ मे, संध्याकाळी
गेलो. सर्टिफिकेट ड्रॉवरमध्ये हातमोज्यांच्या खोक्याखाली होतं. उजेडात धरून बघितलं. खरं. मग म्हटलं, एखादी केस दाखवा.

बाई जरा घुटमळल्या. म्हणाल्या, हिच्या आईने दाखवायला सांगितलंय म्हणून दाखवते. स्क्रीनवर नुसतं तोंड. ओठ हुकांनी ताणलेले, वरचे दात छपरासारखे बाहेर, दोन एकमेकांवर चढलेले, हिरडी सुजून लाल. शिसारी आली. संतापही आला.

म्हटलं, "इतकं होईपर्यंत हिचा बाप काय करत होता?"

बाई म्हणाल्या, "डॉक्टर शोधत होता."

मग पुढचा फोटो लावला, गेल्याच आठवड्यातला. त्यात अख्खा चेहरा होता. तारा लावलेली माझी मुलगी हसत होती. तारा ९ मार्चला बसवल्यात, टोचू नयेत म्हणून वर लावायला मेण दिलंय. सगळं वेळेत चाललंय, असं बाई म्हणाल्या. जिना उतरताना कशाचाही वास आला नाही.

७ मे, सकाळी
रात्री फाइलमध्ये शेरा मारणार होतो, "अखेर माझ्याच कसोटीला उतरलेली डॉक्टर निवडली गेली." लिहिलं आणि खोडलं. लाज वाटली.

नाश्त्याला मुलीच्या समोर बसलो. म्हटलं, दाखव बघू. म्हणाली, काल फोटो बघितलात ना. बरोबर आहे तिचं. मग विचारलं, दुखतं का गं?

"पहिला महिना खूप दुखायचं, बाबा," ती म्हणाली. "आता नाही दुखत."