अकराशे चाळीस दगड

२ फेब्रुवारी
आजपासून रोज वही लिहायची. मोठी माणसं लिहितात. पाचवीत शाळा सुटली म्हणून काय झालं.
रिझना मॅडमनी आज रंगाचा डबा माझ्या हातात दिला. मॅडम राजधानीतून, मालेहून आल्यात, जुन्या इमारतींच्या ऑफिसातून. समुद्र इथल्या जुन्या मशिदीच्या पायाला लागलाय. म्हणून अख्खी मशीद दगड दगड सुटी करून शंभर पावलं आत पुन्हा उभी करायची. सगळा प्रवाळाचा दगड. चुना नाही, सिमेंट नाही, नुसती खाचेत खाच. प्रत्येक दगडावर आतल्या बाजूला नंबर घालायचा, तोच नकाशावर लिहायचा. ते काम माझं. नीट केलं तर नोकरी कायम.
आईला फोन केला. म्हटलं, झालीच समज.

३ फेब्रुवारी, सकाळी ७
मॅडम मालेला गेल्या. तीन आठवडे मी इनचार्ज. तसं त्या म्हणाल्या नाहीत, पण डबा माझ्याकडे आहे.

५ फेब्रुवारी
छप्पर उतरलं, वरचे दोन थर निघाले. नंबर घातले नाहीत. रंगाच्या वासाने डोकं धरतं. माझी मेमरी चांगली आहे. सगळे नंबर शेवटी एकदम घालीन. एकदम घातले की अक्षर सारखं येतं.

९ फेब्रुवारी
म्हातारे इमाम ईसाबे रोज येऊन सावलीत सुपारी चघळत बसतात. त्यांच्या पणजोबांनी यातले दगड कोरलेत. आज म्हणाले, त्यांची एकच इच्छा आहे, आपल्या जनाज्याची नमाज याच मशिदीत व्हावी. मी सांगितलं, पावसाळ्याच्या आत उभी करतो. त्यांनी विचारलं, नंबर कुठायत? मी डोक्यावर बोट ठेवलं. ते बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघत राहिले. छाप पडली.

१२ फेब्रुवारी
ब्रश कडक झाला. दगड उतरवणारा वहीद म्हणाला, साहेब, नंबराशिवाय या दगडांचं कालवण होईल. दुर्लक्ष केलं. असल्या लोकांना जबाबदारी काय ते कळत नाही.

१५ फेब्रुवारी
दगड कसेही पडलेत, बघवत नाही. उत्तरेला आमच्या बेटावर मी वाळवलेले मासे निवडायचो. मोठ्यात मोठा, लहानात लहान. माझ्याइतका हात कुणाचा चालायचा नाही. इथेही तसंच केलं. सात ढीग. देखणे दिसतात.
मॅडमचा फोन. नंबर चाललेत ना? मी म्हटलं, दगड एकदम ओळीत आहेत. यात खोटं काही नाही.

१८ फेब्रुवारी
शेवटचा थर निघाला. उद्या नंबर. निर्णय पक्का.

१९ फेब्रुवारी
डब्यात रंगावर साय धरलीय. काढली. खाली पण साय. तळापर्यंत सायच. दुकानदाराने जुना माल दिला.

२४ फेब्रुवारी, दुपारी
मॅडम आल्या. ढिगांभोवती एक फेरी मारली. मला वाटलं, खूष झाल्या. मग वाळूत खाली बसल्या.
त्यांच्याकडे फोटो आहेत, पण बाहेरच्या नक्षीचे. आतले दगड सगळे एकाच आईची पोरं. मी म्हटलं, थांबा, मला आठवतंय. दोन उचलून एकमेकांवर ठेवले. डुगडुगले. आणखी दोन. तेही.
ईसाबे बघत होते. चघळायचे थांबले होते.

२७ फेब्रुवारी
नोकरी कायम झाली. मशीद उभी राहीपर्यंत प्रत्येक दगड प्रत्येक दगडावर लावून बघायचा. मीच. दुसरं कुणी तयार नाही. मॅडम म्हणाल्या, कितीही वर्षं लागोत.
आईने तिकडे शेजारणींना बोलावून चहा दिला.

११ मार्च
आज एक दगड बसला! पायाचा, कोपऱ्यातला. सकाळभर वहीदलासुद्धा हसू दिलं नाही.
दुपारी मॅडमनी पाहिला. उलटा आहे.
ईसाबेंना मीच जाऊन सांगितलं. अकराशे चाळीस राहिले. त्यांनी खाचेवरून अंगठा फिरवला, माझ्या पाठीवर हात ठेवला.
"घाई करू नकोस, बाळा. मीच थांबतो थोडा."
त्यांना एक्क्याऐंशीवं चालू आहे.
उद्यापासून लवकर उठायचं.