शनिवारी मी कुठे असेन

सीड्रिफ्ट, टेक्सस
ऑगस्टचा दुसरा सोमवार

प्रिय एर्विन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे उघडशील की तसंच कचऱ्यात टाकशील, देव जाणे. उघडलंस असं धरून चालतो. गुडघे कसे आहेत? इथे सगळं ठीक. उकाडा नेहमीचाच. टोमॅटो करपले, भेंडी मात्र खाऊन संपत नाही इतकी येतेय. अक्षर वाकडंतिकडं वाटलं तर मनावर घेऊ नकोस, तळहाताची सालं निघाली आहेत. काही नाही, ऊन लागलं.

काल चर्चबाहेर आपली बर्निस भेटली. मामाच्या घरात बातमी पोटात ठेवण्याची पद्धत नाही, तुला ठाऊकच आहे. म्हणाली, "एर्विननं कयाक घेतलीय. हिरवी. व्हिक्टोरियात त्याच्या घरी, गाडीच्या छपराखाली उलटी पडून आहे. उन्हाळ्यात खाडीत कुठे जावं ते कळत नाही म्हणतो, आणि मिल्टन काही सांगायचा नाही म्हणतो." मी म्हटलं, बरोबर बोलतो. तिनं माझ्या हातात खसखस भरलेल्या गोड पावांची, कोलाचांची, पिशवी कोंबली आणि म्हणाली, "दोघांची मिळून दीडशे वर्षं होत आली, आणि एका माशाच्या फोटोवरून अबोला. लाज वाटू द्या."

घरी आलो. कोलाचे खाल्ले. सगळे खाल्ले, कारण उरवायचे कुणासाठी?

फोन करत नाही याचं कारण सरळ आहे. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडू. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

तर फोटो. चार वर्षं झाली त्याला. पप्पांनी आपल्याला दाखवलेला तो पाण्याखालचा वाळूचा दांडा, ज्याबद्दल मी शेजारच्या माणसाला ताकास तूर लागू दिली नव्हती, तिथे तू मासा पकडलास. पकड ना. वर हसत फोटो काढलास आणि अख्ख्या जगाला दाखवलास, आणि तुझ्या खांद्यामागे गावाची पाण्याची टाकी सूर्यप्रकाशात लख्ख. पुढच्या रविवारी दांड्यावर एवढ्या बोटी की चालत पलीकडे जाता आलं असतं. एका बोटीत गाणी चालू होती. तेव्हापासून मी फोन पाण्यावर नेत नाही. गाडीतच ठेवतो. तुझ्यावरचा राग म्हण, नाहीतर म्हातारपणाचा हट्ट म्हण.

असो. विचारलंयस ना, मग ऐक.

उन्हाळ्यात जागा निवडणं म्हणजे सावली आणि चालतं पाणी शोधणं, दुसरं काही नाही. ज्या बाजूला रात्रभर वारा लागला नसेल तिथे सकाळी जाऊच नकोस. पाणी शिळं असतं, माशाला धाप लागते. वारा ज्या काठाला लागतोय तिथे जा. फटफटताना गुडघाभर पाण्यात, गवतावर. गवतात मध्ये मध्ये वाळूची पांढरी ठिगळं दिसतील, गळ त्यांच्या कडेला टाक, मधोमध नाही. आधी बोयटांकडे, त्या लहान माशांच्या थव्यांकडे, बघ. ते नुसते मजेत उड्या मारत असले तर पुढे हो. पण घाबरल्यासारखे एकाच दिशेनं फुटले तर थांब, खाली कुणीतरी जेवायला बसलंय.

उन्हं वर आली की मासा खोल उतरतो, तूही उतर. गवत संपून कड खाली जाते ती जागा, किंवा कालवांच्या दोन खडकांमधली चिंचोळी वाट. ओहोटीला मागच्या तळ्यांमधून खाडीत पाणी उतरतं त्या तोंडाशी उभा राहा, बाहेरच्या अंगाला. खेकडे, कोळंबी सगळं त्या पाण्याबरोबर वाहत येतं. लाल मासा तिथे पंगतीला बसल्यासारखा वाट बघत असतो. उतरलास तर पाय उचलू नकोस, फरफटत ने. वाळूत दडलेल्या पाकटाच्या विषारी काट्यावर पाय पडला की गुडघ्यांचं दुखणं विसरशील. आणि दुपारी जेवायला घरी. ऑगस्टात बाराच्या पुढे पाण्यावर फक्त मूर्ख आणि पाहुणे असतात.

जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर वारा घरी ढकलत आणतो. हे पप्पांचं. आणि त्यांचंच दुसरं, जे तुला मी सांगायला नको: जागा निवडताना आधी परतीची वाट बघ, मासा मग.

मी नाही बघितली.

हे लिहिणार नव्हतो. लिहून झालंय तर राहू दे.

आल्बिना होती तेव्हा एक रीत होती. जगाला मी काहीही सांगत असे, तुला माहीत आहे. पूर्वेला जायचं तर पश्चिम सांगायचं, हे आपल्याकडचं प्रत्येक मूल गळाला गाठ मारायला शिकतं त्याच्याही आधी शिकतं. पण तिला खरं सांगून निघायचो. ती भांडी घासत पाठमोरीच विचारायची, "कुठे?" मी जागा सांगायचो, परत कधी येईन ते सांगायचो, आणि निघायचो. आल्यावर मागच्या दारातून म्हणायचो, "आलो." ती म्हणायची, "मासा की गप्पा?" एवढंच. इतक्या वर्षांत ती एकदाही पाण्यावर आली नाही, पण या खाडीतली एकूण एक जागा तिला नावानं पाठ होती.

फेब्रुवारीत ती गेली. तू आला होतास. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलास आणि जेवायच्या आधी निघालास. मी बघितलं होतं.

त्यानंतर "कुठे?" विचारायचं काम शेजारच्या लाननं आपणहून घेतलं. तिला तू ओळखतोस, आपल्या घरामागे जिचे खेकड्यांचे सापळे रचलेले असतात ती. आल्बिनाची जिवाभावाची. कुंपणापलीकडे सापळ्यांच्या जाळ्या दुरुस्त करत बसलेली असते. मी कयाक गाडीवर चढवायला लागलो की मान वर न करता, "मिल्टनभाऊ, कुठे?"

गेल्या मंगळवारीही विचारलं. मी म्हटलं, "पाद्र्याच्या दांड्याकडे."

आणि गेलो बगळ्याच्या तळ्यात. पार उलट्या टोकाला.

मुद्दाम नाही रे. शपथेवर सांगतो, विचार करून नाही. तोंडातून आपोआप आलं. लान काय मासे पळवणार होती का माझे? पण माझ्या तोंडाला जन्माची सवय आहे, आणि त्या सवयीला एकच बाई अपवाद होती.

पाणी उतरत होतं. उन्हाळ्यात आधीच खाडी उणी असते, वर ओहोटी. मला ते दिसत होतं. पण तळ्याच्या तोंडाशी उभा होतो आणि आत, मागच्या काठाला, उथळ पाण्यात शेपट्या वर आलेल्या. एक नाही, कळपच. ऊन पडून तांब्यासारख्या चमकत होत्या. म्हटलं, अर्धा तास. कयाक घेऊन आत शिरलो. एक मासा लागला, सुटला. दुसरा लागला, तो वाकवत वाकवत आणखी आत घेऊन गेला. मान वळवून बघतो तर तोंडाशी पाणी नाही, चिखल. मध्ये पोहण्याइतकं नाही आणि चालण्यासारखं नाही. खाली पाय टाकला तो मांडीपर्यंत गेला. बूट तिथेच राहिला. दोन्ही हातांनी कालवांना धरून स्वतःला परत वर ओढलं. तळहातांचं ते कारण. ऊन वगैरे नाही.

मग कयाकमध्ये बसून राहिलो. फोन गाडीत.

पाणी प्यायचं होतं ते संपलं. शर्ट ओला करून डोक्यावर घ्यावा तर पाणीसुद्धा चहासारखं कढत. आणि एर्विन, दुपारनंतर मला बोटीचं इंजिन ऐकू आलं. पार दूर, पूर्वेला. जायचं, थांबायचं, परत यायचं. माणसं शोधतात तसं. मी बेलाशक सांगू शकलो असतो की ती बोट कुठे आहे. पाद्र्याच्या दांड्यावर. लाननं बिचारीनं मी सांगितलेली जागा गस्तीवाल्यांना सांगितली होती, आणि ते लोक इमानदारीनं ती चाळत होते. मी ओरडलो. तेवढ्या अंतरावरून काय ऐकू जाणार. ते मला शोधतच नव्हते, माझ्या थापेला शोधत होते.

मला भीती मरणाची नाही वाटली. हे मी मोठेपणानं सांगत नाहीये. मला वाटलं, या घटकेला मी कुठे आहे हे पृथ्वीवर एकाही माणसाला माहीत नाही. आणि लगेच वाटलं, हे आजचं नाही, फेब्रुवारीपासून असंच आहे. तेव्हा रडू आलं. तुला सांगतोय म्हणून, बर्निसला बोललास तर बघ.

सूर्य खाली आला तेव्हा खेकड्यांची एक सपाट बुडाची बोट आली, लानच्या पुतण्याची. त्यानं चिखलावर फळ्या टाकत टाकत मला काढलं. धक्क्यावर लान उभी होती. मी म्हटलं, "तुला कसं कळलं?"

ती म्हणाली, "मला कुठे कळलं? आल्बिना सांगून गेली होती. हॉस्पिटलात माझा हात धरून म्हणाली, मी नसताना तो तुलाही थापच मारेल. पूर्व म्हणाला तर पश्चिमेला बघ. मी उन्हं उतरेपर्यंत विसरले होते. चूक माझी."

मला वाटत होतं, नवरा-बायकोतली रीत आहे, आमची दोघांची. ती जाताना तेवढंही माझ्यासाठी कुणाच्या तरी हवाली करून गेली होती.

दुसऱ्या दिवशी लाननं खेकडा घातलेली तांदळाची पेज आणून दिली. मी माफी मागितली. ती म्हणाली, "माफ केलं. पण आता विचारणार नाही. माझा नवरा समुद्रावर गेला तेव्हा त्यानं खरं सांगितलं होतं कुठे जातोय ते, तरी आला नाही. खिडकीत उभं राहून वाट बघणं मला जमत नाही, मिल्टनभाऊ. ते मी मैत्रिणीखातर करत होते. खोट्या जागेकडे बघत मी पुन्हा उभी राहणार नाही." परवा भेंडी घेऊन गेलो. भेंडी घेतली, दार लावलं. सकाळी ती आता घराच्या पुढच्या बाजूला बसते. बरोबरच आहे तिचं.

कयाक विकावी म्हटलं. बोर्ड लिहिला, अंगणात लावला, संध्याकाळी काढला. विकून मी करू काय? घरात कोपऱ्यात बसू? तिथे पाण्यावर निदान मला काहीतरी येतं. पण सांगून गेल्याशिवाय निघायचं नाही, हेही आता मला पटलंय, आणि सांगायला माणूस नाही.

मग बर्निस भेटली, आणि काल रात्री जेवताना माझ्या डोक्यात आलं. या खाडीतली प्रत्येक जागा माहीत असलेला, जिवंत असलेला, आणि मी खोटं बोललो तर जागच्या जागी पकडणारा माणूस एकच आहे. लहानपणी तू पप्पांना सांगायचास ना, "मिल्टन डावा कान खाजवतोय, म्हणजे थाप आहे." तेव्हा तुला मी बदडलं होतं. मजकूर कानाला हात न लावता लिहितोय, एवढं मान.

तर हे बघ. शनिवारी फटफटायला मी बगळ्याच्या तळ्याला जाणार. हो, तिथेच. आत नाही शिरणार, तोंडाच्या बाहेरच्या अंगाला, कालवांच्या पहिल्या खडकापाशी उभा राहीन. गाडी जुन्या कोळंबीवाल्यांच्या धक्क्यावर असेल. बाराच्या आत घरी. हे खरं आहे.

पत्र तुला गुरुवारपर्यंत मिळेल. तुझी हिरवी कयाक घेऊन यावंस असं मी म्हणत नाही. आलास तर त्या खडकावर दोघांना पुरेल इतकी जागा आहे, आणि माशाचा फोटो काढायचा असेल तर पाठ समुद्राकडे करून काढ. पण नाही आलास तरी चालेल. गुडघे आहेत, राग आहे, मला समजतं.

एवढंच कर. शनिवारी बारा वाजता घरी फोन लाव. मी उचलेन. तुला काही बोलायचं नसलं तर बोलू नकोस. मी म्हणेन, "आलो." तू ऐक आणि ठेवून दे.

नाही उचलला, तर कुठे बघायचं ते तुला माहीत आहे.

येतो,
मिल्टन